शितावरून गावाची परीक्षा

तर्कशास्त्र शिकवते म्हटलं की समोरचा माणूस हमखास काहीतरी विचारतो. शिकलेला असला तर, "म्हणजे नेमकं काय हो?" आणि न शिकलेला असला तर, "मग आमचं जरा बघता का?" देवणीला मी भाड्याच्या खोलीत राहायला गेले, त्याच आठवड्यात घरमालकीणबाईंची म्हैस हरवली. मी कॉलेजात काय शिकवते हे त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं. सकाळी सकाळी दारात येऊन म्हणाल्या, "मॅडम, लावा बरं तर्क, कोणत्या अंगाला गेली असंल?" मी म्हटलं, काकू, माझं शास्त्र म्हैस शोधायचं नाही. म्हैस ओढ्याकडं गेली असं तुम्ही म्हणालात, तर ते कशावरून म्हणता, एवढंच मला विचारता येतं. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "आन् एवढ्यासाठी सरकार पगार देतंय?" म्हैस संध्याकाळी आपल्या पायांनी घरी आली. श्रेय अर्थातच महादेवाला गेलं.

मी मूळची बिलोलीची. तिकडं कानावर तेलुगू, देवणीकडं कानडी. या दोन्हींच्या मधे आपली मराठी शाबूत ठेवून मी निवृत्त होईपर्यंत अकरावी-बारावीच्या पोरापोरींना हाच विषय शिकवला. आता आमच्या कॉलेजात तो बंद झालाय. हुशार म्हणवणारी पोरं दहावी झाली की लातूरच्या क्लासांच्या वाटेला लागतात, आणि तिथं तर्कशास्त्राचं दुकान नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

ज्यांना हा विषय कधी भेटलाच नाही त्यांच्यासाठी दोन शब्दांत सांगते. माणूस दोन वाटांनी निष्कर्षाला पोचतो. एका वाटेवर नियम आधी हातात असतो. बाजाराच्या दिवशी कॉलेज सकाळचं असतं, आज बाजार आहे, म्हणून आज कॉलेज सकाळचं. याला निगमन म्हणतात. पहिली दोन वाक्यं खरी असली तर तिसऱ्याला खोटं व्हायची मुभाच नाही. दुसऱ्या वाटेवर आधी चार गोष्टी डोळ्यांनी बघायच्या आणि त्यांवरून न बघितलेल्यांबद्दल बोलायचं. हे विगमन. यात धोका असतो, पण जग चालतं ते बहुतेक याच वाटेनं. आमच्या पुस्तकात निगमनाचं उदाहरण म्हणून ग्रीस देशातला एक म्हातारा तत्त्वज्ञ, सगळी माणसं मरतात या नियमानं, दर पानावर मरायचा. पोरांना त्याचं काही सुखदुःख नव्हतं. म्हणून मी त्याला मरू दिलं आणि उदाहरणं गावातली घ्यायला लागले.

त्यात गमती व्हायच्या. गुरांचा व्यापार करणाऱ्या घरातला एक पोरगा होता, किसन. मी फळ्यावर लिहिलं, "मी पाहिलेलं देवणी जातीचं प्रत्येक जनावर काळं-पांढरं होतं." किसन मागच्या बाकावरून म्हणाला, "मॅडम, तुमी दोनच गोठे बघितलेत. आमच्याकडं अख्खं पांढरं हाय, निसतं तोंडाला काळं." वर्ग हसला. मी पण हसले, आणि त्याला पुढच्या बाकावर आणून बसवलं. विगमनाचं निम्मं शिक्षण एवढंच आहे: तुम्ही किती गोठे बघितले?

पण ज्या वर्षाबद्दल मला लिहायचंय ते हसण्याचं वर्ष नव्हतं.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. आमच्याकडचे कागद आधी उस्मानाबादला जायचे, ते आता लातूरला जायला लागले. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ओला होता आणि आत बसायला खुर्च्या पुरत नव्हत्या. लोकांना वाटलं, जिल्हा जवळ आला तसा पाऊसही जवळ येईल. तो काही आला नाही. मृगात शिंतोडे पडले, पेरण्या झाल्या आणि मग आभाळानं पाठ फिरवली. श्रावणातच विहिरींचे तळ दिसायला लागले.

किसनच्याच बारावीच्या वर्गात महादेवी नावाची मुलगी होती. देवणीपासून तासाभराच्या चालीवर एक वाडी आहे, तिथली. रोज पायी यायची, म्हणून पहिल्या तासाला नेहमी दोन मिनिटं उशीर. बसली की पाच मिनिटांत हात वर आणि तोंडात "पण मॅडम...". मला अशी पोरं आवडतात आणि त्यांचा रागही येतो. तिच्या गावातून कॉलेजात येणारी ती एकटीच मुलगी उरली होती. आदल्या वर्षी तिच्याबरोबर अजून एक येत होती, गौरा. दिवाळीनंतर घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेली, ती परत आली लग्न ठरूनच. तिचा बाक रिकामा बघून मला महिनाभर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

दसऱ्याच्या सुमाराला महादेवी एके दिवशी तास संपल्यावर थांबली. म्हणाली, "मॅडम, मी दिवाळीनंतर येणार न्हाई."

"का?"

"आमच्या गावाला टंचाई लागली न्हाई. काम निघणार न्हाई म्हणून अप्पा ऊसतोडीला कारखान्यावर निघालेत. सगळ्यांनाच जायचंय."

हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. दुष्काळ आभाळ ठरवत नाही, आणेवारी ठरवते. भरघोस पीक म्हणजे रुपया. सरकारी माणूस गावात येतो, एखाद्या रानात दोरीनं चौकोन आखतो, तेवढ्यातलं पीक कापून, मळून, तोलून बघतो आणि यंदा रुपयात किती पैसे पिकलं ते मांडतो. पन्नास पैशांच्या आत आलं तर गाव टंचाईचं. मग पाझर तलाव, नाल्यांचे बांध अशी कामं गावातच निघतात, पोरांची परीक्षा फी माफ होते. पन्नासच्या वर गेलं तर काही नाही. महादेवीच्या वाडीची आणेवारी पन्नासच्या वर लागली होती. आजूबाजूच्या सगळ्या गावांची आत, हिचीच वर.

मला राग आला. पण राग कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून दुसऱ्या दिवशी मी आपला नेहमीचा तास घेतला. विगमन चालू होतं. मी म्हटलं, शितावरून भाताची परीक्षा करतात की नाही?

"मॅडम, आमच्याकडं भात सणाला," किसन म्हणाला.

"मग सणाच्या दिवसाचं सांग. किती शितं दाबून बघतात?"

"दोन-तीन."

"आणि पातेल्यात असतात हजारो. मग दोन-तीन कशी पुरतात?"

महादेवीचा हात वर आला. आईला ती अव्वा म्हणायची. "अव्वा आधी ढवळती ना मॅडम. खालचं वर येतं, वरचं खाली जातं. मग कुठलंबी शीत घेतलं तरी चालतं."

मी इतक्या वर्षांत ही म्हण शेकडो वेळा वापरली असेल, पण ढवळण्याचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी शाबासकी देणार, तर ती तशीच उभी. चेहरा बदललेला.

"मॅडम, आणेवारी बी अशीच काढतात ना?"

"हो."

"मग आमचं गाव कुणी ढवळलंच न्हाई. गिरदावर साहेब आले, पाटील आज्जांनी त्यांना ओढ्याकाठच्या रानात नेलं. तिथलीच ज्वारी कापली. गावात पाव्हणा आला की आज्जा त्याला तिथंच नेतात. सोयरीक बघायला आलेल्यांना बी तिथंच नेतात."

गिरदावर म्हणजे मंडळ निरीक्षक. निजामाच्या काळातला शब्द आमच्याकडं अजून जिभेवर आहे. आणि पाटील आज्जा म्हणजे वाडीचे जुने वतनदार पाटील, बसलिंगप्पा. वर्ग हसला, महादेवी हसली नाही. लबाडी कुणीच केली नव्हती. पाहुण्याला घरातलं चांगलं ताट वाढावं तसं पाटलांनी गावातलं चांगलं रान वाढलं होतं, आणि त्या मानापायी गाव उपाशी राहायची वेळ आली होती.

त्या दिवशी मी देवणीच्या तलाठ्यांकडं जाऊन नियम विचारून आले. आणेवारी काढताना भारी, मध्यम आणि बरड अशा तिन्ही प्रतींच्या जमिनी घ्यायच्या असतात. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं: जी आणेवारी एकाच प्रतीच्या जमिनीवरून काढली ती ग्राह्य नाही. वाडीची आणेवारी एकाच प्रतीच्या जमिनीवरून काढली. म्हणून... पुढचं वाक्य अख्ख्या वर्गानं एका सुरात पूर्ण केलं. मी म्हटलं, हे निगमन. कालचं विगमन. आता दोन्हींतला फरक परीक्षेत नाही लिहिलात तर माझ्याशी गाठ आहे.

फळ्यावर सिद्ध झालं म्हणून गावाला काम लागत नाही. हरकत घ्यायची मुदत होती, पण थोडी. देवणीला तेव्हा तालुका नव्हता, अर्ज उदगीरच्या तहसिलीत द्यायचा होता. त्यात ज्वारी काढणीला आलेली. एकदा रान मोकळं झालं की पुन्हा कापून बघायला काय उरणार? आणि अर्जावर गावाच्या सह्या हव्यात, पहिली पाटलांची. महादेवी म्हणाली, "मॅडम, तुमी चला. माझं कोण ऐकंल?" रविवारी मी तिच्याबरोबर पायी गेले. दगडगोट्यांतून चालताना माझी चप्पल तुटली, आणि पोरीनं झाडाचा काटा लावून ती सांधून दिली.

तिचे वडील शिवाप्पा अंगणात कोयत्याला दांडा बसवत होते. "शरणार्थ मॅडम," म्हणाले आणि हात पुसून बाज पुढं ओढली. मी विषय काढल्यावर त्यांनी कोयता बाजूला ठेवला. मग म्हणाले, "पोरगी हुशार हाय हे मला का दिसत न्हाई? पर हितं हाताला काम न्हाई. आमी दोघं तिकडं गेल्यावर हिला कुणाच्या भरवशावर ठेवू? धाकटी दहावीला, तिला तर न्यावंच लागतंय."

"गावात काम निघालं तर?"

"तर कशाला जाऊ? उसाच्या पाचटावर झोपायची कुणाला हौस हाय का?"

मग आम्ही पाटलांकडं गेलो. बसलिंगप्पा पाटील पंचाहत्तरीकडं झुकलेले, ताठ, कपाळावर भस्माचे पट्टे. चहा पाजला, माझ्या बिलोलीची चौकशी केली. आणि हरकतीचं ऐकल्याबरोबर कप खाली ठेवला.

"म्हणजे मी साहेबाला खोटं रान दाखवलं म्हणता?"

मी तोंड उघडायच्या आत महादेवी बोलली. डोक्यावरचा पदर सावरत, पण सरळ त्यांच्याकडं बघत. "खोटं न्हाई, आज्जा. एकच दाखवलं."

"मग काय बरड दाखवू? गावाची अब्रू काय राहिली असती? नवा जिल्हा, नवा साहेब, पहिल्यांदा गावात आलेला माणूस. त्याला फुफाटा दाखवू?"

"आज्जा, तुमचं रान बघून साहेबानं ठरवलं की अख्खं गाव तुमच्यावाणी खाऊन-पिऊन हाय. आमचं बरड त्यांनी बघितलंच न्हाई. आता गाव उसाला चाललं. गाव गेल्यावर अब्रू कुणाला दाखवायची?"

मला वाटलं, झालं, आता म्हातारा उठून आत जाणार. ते उठलेच. आत गेले, आम्ही बसून राहिलो. ते परत आले तेव्हा डोक्यावर टोपी आणि अंगात बाहेर जायचा सदरा होता. म्हणाले, "सही हितं कशाला? मी सोता उदगीरला येतो. माझ्या तोंडानं सांगतो."

आणि त्यांनी खरंच सांगितलं. तहसिलीत गिरदावर साहेबाच्या टेबलापुढं उभं राहून, "मी चांगलं तेवढंच दाखवलं, चूक माझी हाय," असं म्हणायला त्या माणसाला काय पडलं असेल ते मी जवळून बघितलं. गिरदावर तरुण होते, त्यांनी वाद घातला नाही. चार दिवसांनी फेरकापणी ठरली.

त्या दिवशी मी रजा टाकून वाडीला गेले, आणि तिथं वेगळाच तमाशा. अख्खं गाव साहेबाभोवती. जो तो आपल्या फुटक्या रानाकडं ओढतोय. "साहेब, माझ्या बरडावर चला, हातभर धाट न्हाई." "आमच्याकडं चला, कणसात दाणाच न्हाई." शिवाप्पाही त्यात होते. मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण महादेवीचा चेहरा मला वर्गात दिसायचा तसा झाला होता. आता ती "पण" म्हणणार हे मला कळलं.

ती म्हणालीच. "पण साहेब, असं केलं तर तीच चूक उलटी व्हईल."

गाव थबकलं. "मागं चांगलंच बघितलं, आता वाईटच बघितलं तर फरक काय? भारी, मध्यम, बरड, तिन्ही घ्या. कोणतं रान ते कुणी सांगू नका. गट नंबराच्या चिठ्ठ्या टाका."

शिवाप्पा तिच्यावर धावून आले नाहीत इतकंच. खालच्या आवाजात म्हणाले, "येडी झालीस का? चिठ्ठीत चांगलं रान निघालं, पन्नासच्या वर गेलं, मग? तुला परीक्षा द्यायची हाय का न्हाई?"

"द्यायची हाय, अप्पा."

"मग गप बस."

"गप बसले तर साहेब उद्या दुसऱ्या गावात बी म्हणतील, लोक वाईटच दाखवतात. मग खऱ्याला बी कुणी खरं म्हणणार न्हाई."

मी तिची मास्तरीण. मी काय करायला हवं होतं? पोरीचं वर्ष त्या चिठ्ठ्यांवर होतं. तिनं गप्प बसावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि ती गप्प बसली नाही याचा अभिमानानं ऊर भरूनही येत होता. दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्ही खरं. तर्कशास्त्रात याला जागा नाही. तेवढ्यात पाटलांनी टोपी काढून पुढं धरली. म्हणाले, "पोर म्हणती तसं होऊ द्या. टाका हिच्यात."

भारी जमिनीच्या चिठ्ठ्यांतून पहिली निघाली ती नेमकी पाटलांचीच. गावाच्या तोंडचं पाणी पळालं. कुणी तरी महादेवीला ऐकू जाईल असं बोललंसुद्धा, ते मी इथं लिहीत नाही. मग मध्यम निघाली, मग बरड. साहेबांनी दोरी धरून चौकोन आखले, बायकांनी कणसं खुडली, मळणी झाली, तराजू लागला. पाटलांच्या चौकोनाचं वजन झालं तेव्हा लोक लांबच उभे होते. मध्यमचं झालं तेव्हा लोक पुढं सरकले. बरडाचे दाणे ओंजळीत मावतील एवढेच निघाले, ते साहेबांनी स्वतःच्या हातानं पारड्यात टाकले आणि बराच वेळ काट्याकडं बघत राहिले. आकडेमोड पाटलांच्या ओट्यावर झाली. सरासरी पन्नासच्या आत आली. फार आत नाही, पण आत.

दिवाळीनंतर वाडीच्या खालच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं. मुकादमाचा ट्रक कारखान्याला माणसं न्यायला आला, तो वाडीत थोडा वेळ थांबला आणि जवळजवळ रिकामाच पुढं गेला. महादेवी रोज दोन मिनिटं उशिरा वर्गात येत राहिली. मार्चमध्ये तिनं परीक्षा दिली. तर्कशास्त्राच्या पेपरात निगमन-विगमनाचा फरक उदाहरणासह स्पष्ट करा असा प्रश्न होता. ती बाहेर येऊन म्हणाली, "मॅडम, उदाहरणाला जागा पुरली न्हाई." निकाल चांगला लागला. नव्या जिल्ह्याच्या गावी, लातूरला, ती पुढं शिकायला गेली. पोचवायला एसटीत शिवाप्पा बरोबर होते, आणि घडी करून ठेवलेला नवा सदरा त्यांनी त्या दिवशी घातला होता.

त्याच जूनमध्ये प्रवेशाच्या दिवशी मी कॉलेजात टेबलाशी बसले होते. दारात शिवाप्पा आले. मागं धाकटी, दोन वेण्या, दहावी झालेली. पुढं होऊन म्हणाले, "मॅडम, हिला बी तोच विषय द्या."

मला त्यांची जरा फिरकी घ्यावीशी वाटली. म्हटलं, "शिवाप्पा, एका पोरीवरून दुसरीचं सांगता येत नसतं बरं का. आमच्या शास्त्रात हे बसत नाही."

ते शांतपणे म्हणाले, "म्हणून तर घेऊन आलो. बघितल्याबिगर कसं कळंल?"

मी तिला समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि नाव विचारलं.